खुबा ढिला की दूषित?

नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत पहिल्या पाळीची गर्दी मनमाड रस्त्याला लागली आहे आणि तुम्ही अजून खाटेच्या कडेवर बसून आहात. उठायचं म्हटलं की उजव्या जांघेत कळ येते. पहिली चार पावलं भिंत धरून टाकावी लागतात, मग कुठे पाय चालू पडतो. हाच खुबा सहा वर्षांपूर्वी बदललेला. खुब्यातल्या गोळ्याचा रक्तपुरवठा आटला, हाड बसलं, डॉक्टरांनी गोळा आणि वाटी दोन्ही नवी घातली. त्यानंतर पाच वर्षं तुम्ही लग्नकार्यं केलीत, शिर्डीला जाऊन आलात, आत धातू आहे हे विसरूनही गेलात.

काल डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि मांडीच्या हाडात उतरलेल्या दांड्याभोवतीची बारीक काळी रेघ दाखवली. "काका, सांधा ढिला झालाय. बदलावा लागेल." तुम्ही एवढंच म्हणालात, "परत?" पुढचा प्रश्न तुमच्या मुलानं नीट ऐकला. "पहिल्या ऑपरेशननंतर जखमेतून पाणी येत होतं का?"

येत होतं. आठ-दहा दिवस पट्टी भिजायची. गोळ्या दिल्या, थांबलं, सगळे विसरले. डॉक्टर मात्र त्या जुन्या पाण्यापाशी थांबले, कारण खुबा दोन मुख्य कारणांनी ढिला होतो. एक म्हणजे झीज. वाटीच्या प्लॅस्टिकचे डोळ्यांना न दिसणारे कण सुटतात, शरीर त्यांच्याशी झुंजायला जातं आणि त्या झुंजीत शेजारचं हाड विरघळतं. दुसरं कारण जंतू. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी किंवा नंतर कधी तरी आत शिरलेला, ताप न आणणारा, पू न दाखवणारा, वर्षानुवर्षं दबून राहिलेला. दोन्हीत एक्स-रेवरची काळी रेघ सारखीच दिसू शकते. ऑपरेशनं मात्र वेगळी. नुसती झीज असेल तर जुना सांधा काढून त्याच बैठकीत नवा बसतो. जंतू असेल आणि तो ओळखला नाही, तर लाखो रुपयांचा नवा सांधा त्याच घाणीत बसतो आणि वर्ष-दोन वर्षांत तुम्ही पुन्हा याच खाटेवर.

म्हणून डॉक्टरांनी कागदावर चार-पाच तपासण्या लिहिल्या. ती प्लॅस्टिकची पिशवी घ्या, एक्स-रे आणि फाइल तिच्यातच राहू द्या. नागापूर सोडा आणि तारखांच्या उलट्या दिशेनं चालू लागा. प्रत्येक तपासणीमागे कुणाची तरी फसगत किंवा चुकून लागलेला शोध आहे, आणि तो बघितल्याशिवाय या कागदाची किंमत कळणार नाही.

४ ऑगस्ट १८९०. बर्लिन. दहाव्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेसाठी हजारो डॉक्टर जमले आहेत आणि त्या गर्दीत, मागच्या बाजूला, तुम्ही काठी टेकून उभे आहात. व्यासपीठावर रॉबर्ट कॉख. आठ वर्षांपूर्वी क्षयाचा जंतू शोधून काढणारा माणूस. ते आज सांगताहेत की क्षयाच्या जंतूची वाढ रोखणारं द्रव्य आपल्या हाती लागलं आहे. सभागृहाचा श्वास अडकतो, कारण त्या काळी क्षय म्हणजे घरोघरचं मरण. हे द्रव्य, ट्युबरक्युलिन, औषध म्हणून पुढे साफ फसलं. पण तुमच्या नातवाच्या हातावर डॉक्टर क्षयाच्या संशयानं जी सुई टोचतात, ती चाचणी त्याच द्रव्याच्या वंशातली. उपचार बुडाला, तपासणी तरली. वैद्यकात असं पुष्कळदा घडतं, आणि तपासणीला मात्र कुणी टाळ्या वाजवत नाही.

त्याच शहरात थेमिस्टोक्लिस ग्लुक नावाचा सर्जन आहे. त्याच्याकडे चला, कारण तुमच्या खुब्याचा पूर्वज त्याच्या टेबलावर पडला आहे. हस्तिदंताचा सांधा. याच वर्षी २० मे रोजी त्यानं १७ वर्षांच्या एका मुलीच्या क्षयानं खाल्लेल्या गुडघ्यात तो बसवला. हाडात पक्का राहावा म्हणून राळ आणि प्युमिस दगडाची पूड अशी मिश्रणं वापरली. हाडाचं सिमेंट म्हणतात त्याची ही पहिली पावलं. त्यानं असे चौदा सांधे बसवले. सुरुवातीला सांधे हलले, माणसं उभी राहिली. ग्लुकला ही कामगिरी परिषदेत मांडायची होती, पण बर्लिनच्या शस्त्रक्रियेतले वजनदार गृहस्थ अर्न्स्ट फॉन बेर्गमान यांनी त्याला कडाडून विरोध केला. मग एकेक सांधा चिघळू लागला. क्षयाचा जंतू आत तसाच होता.

ग्लुक अडाणी नव्हता. रोग कोणता हे त्याला पुरतं माहीत होतं. तो रोग संपला आहे की दबून बसला आहे, हे कळायची सोय मात्र १८९० साली कुणाकडेच नव्हती. तुमच्या डॉक्टरांचा कालचा प्रश्न तोच आहे. १३० वर्षांहून अधिक काळ गेला, प्रश्नाला धार आली, पण तो पूर्ण सुटला असं कुणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका.

पिशवीतला पहिला कागद काढा. ईएसआर ५२. यासाठी स्वीडनला जायचं, १९१८ साली. रॉबिन फोरेयुस हा तरुण डॉक्टर रक्ताच्या नळ्या उभ्या ठेवून बघत बसला आहे. त्याला हवी होती गर्भधारणा ओळखायची युक्ती. गरोदर बाईच्या रक्तातल्या तांबड्या पेशी लवकर तळाशी बसतात, हे त्याच्या ध्यानात आलं. पुढे कळलं की नुसत्या गरोदरपणात असं नाही, शरीरात कुठेही दाह पेटला की असंच होतं. वॉर्सात बिएर्नात्स्कीनं १८९७ सालीच याची नोंद केली होती. दाहात रक्तातलं फायब्रिनोजेन वाढतं, तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींवर रचल्या जातात आणि जड होऊन भराभर खाली येतात. १९२१ साली वेस्टरग्रेननं नळीचं माप बांधून दिलं. २०० मिलिमीटरच्या खुणा, एक तास वाट, मग आकडा. नगरच्या कितीतरी लॅबमध्ये आजही तीच नळी उभी असते. तुमचा आकडा तीसच्या वर आहे म्हणजे आत काहीतरी पेटलेलं आहे. काय आणि कुठे, हे त्या नळीला सांगता येत नाही. रक्त कमी असलं, संधिवात असला, दातात पू असला तरी हा आकडा वाढतो.

सीआरपीसाठी न्यूयॉर्कला नुसतं डोकावून या. १९३०. रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांचं रक्त तपासताना एक पदार्थ सापडला. तो यकृतात तयार होतो आणि दाह सुरू झाला की तासांत चढतो. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो टोकाला जातो आणि सगळं सुरळीत असेल तर काही आठवड्यांत उतरतो. ईएसआर उतरायला महिने घेतो. तुमच्या कागदावर सीआरपी १८ लिहिलं आहे. मुलाला म्हणावं, आकड्यापुढचं एकक वाच. लिटरमागे १० मिलिग्रॅम आणि डेसिलिटरमागे १ मिलिग्रॅम हे एकच. एका लॅबमध्ये १.८ आणि दुसऱ्या लॅबमध्ये १८ आलं म्हणून घरात भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

आता लांब जायचं काम नाही. १९४४. नागापूर हे तेव्हा सीनेकाठचं शेतीचं गाव. एमआयडीसीचा पत्ता नाही. गावाकडून शहराच्या दिशेनं निघालात की भुईकोट किल्ला लागतो आणि त्याच्या खंदकाजवळ गोरा पहारा उभा. ऑगस्ट १९४२पासून आत काँग्रेसचे पुढारी डांबलेले आहेत. पटेल, आझाद, आणि पुस्तक लिहीत बसलेले नेहरू. त्या वर्षी नगरमध्ये कुणाच्या मांडीच्या हाडात पू झाला तर इलाज म्हणजे चाकू, निचरा आणि नशीब. फार तर सल्फाच्या गोळ्या. पेनिसिलिन नावाची जादू आली आहे म्हणतात, पण ती लष्करासाठी.

आणि नेमकं त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, 'लॅन्सेट' या नियतकालिकात जोसेफ बिगर या आयरिश जीवाणुतज्ज्ञाचा लेख छापून येतो. तुम्ही त्याच्या खांद्यावरून बघा. स्टॅफिलोकॉकस जंतूंनी भरलेल्या नळीत त्यानं पेनिसिलिन घातलं आहे. जवळपास सगळे मेले. थोडे उरले. कुणीही म्हणेल, हे चिवट, यांना पेनिसिलिन चालत नाही. बिगरनं ते उरलेले जंतू पुन्हा वाढवले आणि पुन्हा पेनिसिलिन घातलं. तर तेही पहिल्यांसारखेच मेले, पुन्हा थोडे उरले. म्हणजे हे जंतू औषधाला पुरून उरणारी वेगळी जात नव्हते. औषध आलं तेव्हा त्यांची वाढ थांबलेली होती एवढंच. पेनिसिलिन वाढणाऱ्या जंतूला मारतं, निजलेल्याला नाही.

इथे जरा बसा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. धातूच्या पृष्ठभागावर जंतू बसले की ते स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. त्या थराला बायोफिल्म म्हणतात. आतले बरेचसे जंतू निजल्यासारखे राहतात. तिथवर रक्त पोचत नाही, कारण धातूला रक्तवाहिनी नसते. गोळ्या घेतल्या की सांध्यातल्या पाण्यात तरंगणारे, वाढणारे जंतू मरतात. सूज उतरते, कळ कमी होते, माणूस म्हणतो गुण आला. थरातले मात्र शाबूत. आणि अशा वेळी सुईनं सांध्यातलं पाणी काढून तपासलं तर रिपोर्ट येतो, वाढ नाही. सर्जन निर्धास्त होतो आणि ज्याला शोधायचं त्याच्याच अंगावर नवा सांधा बसवतो.

म्हणून पिंपरीला थांबणं भाग आहे. १९५५. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं आहे. किल्ल्यातला कैदी आता पंतप्रधान आहे. लष्करासाठी राखीव असलेलं औषध आता पुण्याजवळ तयार होतं, आणि महाराष्ट्रातल्या बाळंतिणी, न्यूमोनियाची मुलं, गळवांनी बेजार झालेले गडी त्यानं वाचतात. त्या कारखान्याबद्दल मला आदर आहे. पण औषध स्वस्त झालं की धाकही उतरतो. डोळे उघडा, तुम्ही पुन्हा आजच्या नागापुरात आहात, मेडिकलच्या काउंटरपाशी. पोऱ्या म्हणतो, "काका, ही स्ट्रिप घ्या. पाच दिवसांत सूज बसते." २०१४पासून कितीतरी प्रतिजैविकं शेड्यूल एच-१मध्ये आहेत. म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि दिली त्याची वहीत नोंद ठेवायची. वही कुठे आहे, ते त्याला विचारून बघा.

ती स्ट्रिप घेतली तर काय होतं याचा आकडा उपलब्ध आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये ट्रॅम्पुझ आणि सहकाऱ्यांनी काढलेले खुबे-गुडघे तपासले आणि २००७ साली निष्कर्ष छापले. ऑपरेशनपूर्वीच्या १४ दिवसांत प्रतिजैविक घेतलेल्या संसर्गाच्या रुग्णांत, मांसाच्या तुकड्यांच्या नेहमीच्या कल्चरनं, म्हणजे जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीनं, फक्त ४५ टक्क्यांमध्ये जंतू पकडला. शंभरातले पंचावन्न निसटले. काढलेला सांधा ध्वनिलहरींनी हलवून त्याचा थर सुटा केला आणि मग कल्चर लावलं, तेव्हा पकड ७५ टक्क्यांवर गेली. पण तोवर सांधा बाहेर आलेला असतो. आधी कळायला हवं असेल तर गोळी बंद ठेवून सुईच घालावी लागते. ताप नसेल, रुग्ण ठणठणीत असेल, तर गोळी निदान दोन आठवडे बंद हवी.

आता तुमच्या वाटीचा उगम बघायला पुन्हा मागे चला. १९६२ साल, इंग्लंडमधलं रायटिंग्टन. हे रुग्णालय मुळात क्षयरोग्यांसाठी उभं राहिलेलं. क्षयावर औषधं आली, खाटा रिकाम्या झाल्या आणि जॉन चार्नली या सर्जनला खुब्यांसाठी जागा मिळाली. क्षयाच्या सांध्यानं ग्लुकला हरवलं आणि क्षयाच्या ओसरण्यानं चार्नलीला जागा दिली. या योगायोगाची मला नेहमी गंमत वाटते. चार्नलीनं आधी टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या होत्या. त्या दोन-तीन वर्षांत झिजून गेल्या आणि त्याला स्वतःच्याच हातानं ती सारी ऑपरेशनं पुन्हा करावी लागली. यंदा नोव्हेंबरपासून त्यानं पॉलिएथिलीनची वाटी सुरू केली आहे. तुमच्या आत आहे ती याच कुळातली.

झीज आटोक्यात येऊ लागली, पण संसर्ग छळत होता. सुरुवातीच्या काळात त्याच्याकडे शंभरातले सातेक खुबे दूषित व्हायचे. चार्नलीनं वैतागून ऑपरेशनच्या टेबलाभोवती काचेची खोली उभी केली, वरून गाळलेली हवा सोडली, डॉक्टरांना डोक्यापासून झाकणारे पोशाख घातले आणि त्यांच्या श्वासाची हवा नळीनं बाहेर ओढली. सहकारी हसले असतील. काही वर्षांत प्रमाण एक टक्क्याच्या खाली आलं. पण त्या एक टक्क्याखालच्या माणसांचं काय? एकेकट्यासाठी ते शंभर टक्केच असतं.

त्यांच्यासाठी त्या काळी एक जुना उपाय होता आणि आपल्याकडचे अस्थितज्ज्ञ आजही त्याचं नाव घेतात. गर्डलस्टोन. ऑक्सफर्डच्या या सर्जननं दूषित खुब्याचा गोळा काढून टाकून जागा मोकळी सोडायची पद्धत रूढ केली. पाय आखूड होतो, लंगडतो, पण पू थांबतो आणि बरेच जण मांडी घालून, उकिडवं बसू शकतात. जमिनीवर बसणाऱ्या आपल्या लोकांना हे इतकं वाईट वाटलं नाही, जितकं युरोपात वाटलं.

दुसरा उपाय बघायला हॅम्बुर्गला चला. हान्स विल्हेल्म बुखहोल्त्स सिमेंटमध्ये जेंटामायसिन हे प्रतिजैविक कालवतो आहे. १९७० साली त्यानं ही युक्ती जाहीर केली आणि १९८१ साली ५८३ दूषित खुब्यांचा हिशेब मांडला. एकाच बैठकीत जुना काढायचा, झाडून साफ करायचं आणि औषधी सिमेंटवर नवा बसवायचा. पहिल्याच खेपेला ७७ टक्क्यांत जमलं. या माणसाची अट ध्यानात ठेवा. ऑपरेशनच्या आधी जंतूचं नाव कळलं पाहिजे, कारण सिमेंटमध्ये कोणतं औषध घालायचं ते त्या नावावर ठरतं. नाव कळण्यासाठी आधी सुई.

आता मुंबई, ऑगस्ट २०१०. डीप्यू कंपनीनं एएसआर हा धातूवर धातू घासणारा खुबा जगभरातून परत बोलावला आहे. भारतात साधारण ४,७०० जणांच्या अंगात तो बसलेला. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं (एफडीए) पुढे पोलिसांत तक्रार केली, आणि २०१८ साली केंद्र सरकारनं ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत भरपाईचं सूत्र ठरवलं. भरपाईची कहाणी लांबलचक आहे आणि ती वर्तमानपत्रांत येऊन गेली आहे. तुम्ही इथे आलात ते तिच्यातल्या कमी बोलल्या गेलेल्या भागासाठी. घासलेल्या धातूचे कण मांसात मुरले की सांध्याभोवती गढूळ, करडं-हिरवट पाणी साठतं. सुईत ओढलं की हुबेहूब पू. पेशी मोजणाऱ्या यंत्राला धातूचे कण आणि मेलेल्या मांसाचा चुरा पेशीच वाटतो आणि ते हजारोंनी पेशी छापून देतं. अल्फा-डिफेन्सिन ही महागडी चाचणीसुद्धा अशा रुग्णांत खोटी होकारार्थी येऊ शकते. म्हणजे इथे उलटी फसगत. जंतू नाही आणि संसर्ग समजून माणसाला महिनोनमहिने सांध्याविना ठेवायचं. अशा खुब्यात काचपट्टीवर पाणी पसरून, सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पेशी मोजणारा पॅथॉलॉजिस्ट लागतो. म्हणून तुमच्या जुन्या फाइलमध्ये सांध्याची जी चिकटपट्टी लावलेली आहे, कंपनी, माप, क्रमांक असलेली, ती फेकू नका. पहिला खुबा कसला आहे हे कळल्याशिवाय पाण्याचा अर्थ लावता येत नाही.

परत या. आज तुमची सुई आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये, सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर बघत, डॉक्टर जांघेतून लांब सुई सांध्यात नेतात. "काका, हलू नका. कळ येईल." भुलीचं इंजेक्शन कातडीपुरतंच दिलेलं, कारण सांध्यात गेलेलं भुलीचं औषध जंतूंनाही मारू शकतं आणि कल्चर बिघडतं. सुई धातूला टेकते, तो टकटकता स्पर्श तुम्हालाही जाणवतो. पाच-सहा मिलि पाणी येतं, किंचित गढूळ. थोडं जांभळ्या झाकणाच्या नळीत, पेशी मोजायला. थोडं कल्चरच्या बाटल्यांत. डॉक्टर चिठ्ठीवर स्वतः लिहितात, चौदा दिवस ठेवा. क्युटिबॅक्टेरियम ॲक्निस नावाचा कातडीवरचा मंद जंतू पाच दिवसांत उगवतच नाही आणि घाई करणारी लॅब त्याला निर्दोष सोडते. आणखी एक नळी क्षयासाठी. सीबीनॅट या जनुकीय चाचणीचा निकाल काही तासांत, पण क्षयाच्या कल्चरला सहा ते आठ आठवडे. आपल्या भागात खुब्याच्या दुखण्यात क्षय विसरून चालत नाही.

या सगळ्या आकड्यांची बेरीज कशी करायची, यावर फिलाडेल्फियाच्या परवीझी आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली एक कोष्टक दिलं. जखमेतून सांध्यापर्यंत भोक पडलेलं असेल, किंवा दोन नमुन्यांत एकच जंतू उगवला, तर पुढे मोजायचंच नाही, संसर्ग आहे. नाही तर गुण. सीआरपी दहाच्या वर, दोन गुण. ईएसआर तीसच्या वर, एक. तुमचे तीन झाले. सहा किंवा अधिक म्हणजे संसर्ग, दोन ते पाच म्हणजे शंका, त्याखाली नाही. रक्तावर थांबलो असतो तर तुम्ही शंकेतच अडकला असता. पाण्यात पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरमागे तीन हजारांच्या वर निघाल्या, तीन गुण. त्यांतल्या ऐंशी टक्क्यांहून जास्त न्युट्रोफिल जातीच्या, आणखी दोन. आठ. सहाव्या दिवशी बाटलीत स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस उगवला. कुणाच्याही कातडीवर निरुपद्रवी नांदणारा, धातूवर बसला की मुक्काम न सोडणारा जंतू. पहिल्या ऑपरेशननंतरचं ते आठ-दहा दिवसांचं पाणी बहुधा त्याचंच.

तुमचा मुलगा विचारतो, "म्हणजे आता दोन ऑपरेशनं?" बहुधा हो. आधी सांधा काढून औषधी सिमेंटचा तात्पुरता तुकडा बसवायचा. त्याच वेळी पाच-सहा ठिकाणचं मांस, प्रत्येक तुकड्याला नवं हत्यार घेऊन, तपासायला पाठवायचं. ऑक्सफर्डच्या ॲटकिन्स यांच्या गटानं १९९८ साली हा पाच-सहांचा हिशेब घालून दिला, कारण एकाच तुकड्यात उगवलेला जंतू बाहेरून पडलेलाही असू शकतो. मग साधारण सहा आठवडे प्रतिजैविकं, आणि मग नवा खुबा. त्या नव्या खुब्याच्या आधी पुन्हा तोच जुना प्रश्न उभा राहतो, जंतू संपला की दबला? इथे मात्र चांगले डॉक्टरही आवाज खाली आणतात. सिमेंटच्या तुकड्याभोवतीच्या पाण्याची तपासणी भरवशाची नाही, ईएसआर-सीआरपी उतरले तरी हमी नाही, आणि चढे राहिले तरी जंतू असेलच असं नाही. शेवटी जखम, आकड्यांचा कल आणि टेबलावर दिसणारं मांस, या तिन्हीवर अनुभवी हात निर्णय घेतो. जो डॉक्टर हे मोकळेपणी सांगतो त्याच्याकडे टिकून राहा.

तुमच्या घरात, शेजारात, पाळीवरच्या जुन्या मित्रांत कुणाचा बदललेला खुबा किंवा गुडघा पुन्हा दुखायला लागला असेल तर त्याला मेडिकलच्या काउंटरवरून परत आणा. जुन्या ऑपरेशनची फाइल शोधा, जखमेतून पाणी आलं होतं का ते आठवा, आणि सर्जनला सरळ विचारा, "ऑपरेशनच्या आधी सांध्यातलं पाणी तपासणार ना?" तपासणी होईपर्यंत स्वतःच्या मनानं प्रतिजैविक घेऊ नका, आणि कुणी डॉक्टरांनी लिहून दिलेलं चालू असेल तर मनानं बंदही करू नका. हे सर्जनला सांगा, ते ठरवतील. फक्त थंडी वाजून ताप आला, जखम लाल होऊन तापली किंवा पू वाहू लागला, तर वाट बघू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.